फरशी आणि मॅटच्या मधला वास

गेल्या श्रावणात आमच्या बैठकीच्या खोलीत कुबट वास सुटला. नातू रांगायला लागला म्हणून उन्हाळ्यातच फोमच्या पझल मॅट आणून सगळ्या खोलीत जोडल्या होत्या. रोज पुसत होतो, दोनदा फिनेल घातले, संध्याकाळी उदबत्ती लावत होतो. वास तासभर दबायचा आणि पुन्हा वर यायचा. शेवटी एका सकाळी खिडकीजवळ गुडघ्यावर बसले आणि कोपऱ्यातला एक तुकडा नखाने उचकला. वरून स्वच्छ पिवळा दिसणारा तो तुकडा खालून काळ्या ठिपक्यांनी भरला होता. खालच्या शहाबादी फरशीवर घाम आल्यासारखे पाणी होते. आणि चार तुकडे जिथे एकमेकांत अडकतात त्या दातांच्या रेषेत दूध, बिस्किटाचा चुरा आणि बाळाची शू यांचा मिळून एक चिकट पिवळा थर बसला होता. आम्ही महिनाभर वरची बाजू पुसत होतो आणि वास खाली बसला होता.

तेव्हापासून कोणी मॅटच्या वासाबद्दल विचारले की मी आधी एवढेच विचारते, उचलून पाहिली का? बहुतेक घरी उत्तर नाही असेच येते.

वास मॅटखाली का बसतो हे समजून घेतले की पुढची निम्मी कामे सोपी होतात. या मॅट ज्या ईव्हीए फोमच्या असतात त्याच्या आत हवेचे बारीक बंद कप्पे असतात. त्यामुळे पाणी सहसा आत मुरत नाही, वरच्या वर राहते. पण सांध्यातून मात्र ते सरळ खाली जाते आणि खाली गेल्यावर त्याला वाट नसते. वर फोमचे झाकण, खाली दगड. त्यातून आपल्या जालना जिल्ह्यात पुष्कळ घरे काळ्या मातीवर उभी आहेत. काळी माती पावसाचे पाणी धरून ठेवते, आणि तळमजल्याच्या फरशीतून ती ओल कितीतरी दिवस वर येत राहते. उघड्या फरशीवरून ती उडून जाते, आपल्याला कळतही नाही. मॅट घातली की ती तिथेच अडकते. म्हणजे घरात एक थेंब सांडला नाही तरी पावसाळ्यात मॅटखाली ओल सापडू शकते.

ही ओल जमिनीतून येते की वरून झिरपते हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. मॅट काढून फरशी कोरडी करा. जाड प्लॅस्टिकचा हातभर लांब-रुंद तुकडा फरशीवर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा. एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा फरशी गडद झाली असेल तर ओल खालून येते आहे. अशा खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कायमची मॅट घालणे योग्य नाही. बाळ खेळते तेवढ्याच जागेत घाला आणि रात्री उचलून भिंतीला टेकवून ठेवा.

आता वासाकडे वळू. कुठलीही बाटली हातात घेण्यापूर्वी नाक लावून वास कोणता ते ठरवा, कारण सगळ्या वासांना एकच औषध लागू पडत नाही. डोळ्याला आणि नाकाला झोंबणारा वास मुताचा, म्हणजे अमोनियाचा. आंबूस, दही बिघडल्यासारखा किंवा मोज्यांसारखा वास दुधाचा आणि घामाचा. ओल्या पोत्यासारखा कुबट वास बुरशीचा. आणि आणल्या दिवसापासून येणारा रबराचा, रसायनाचा वास हा नव्या मालाचा.

झोंबणाऱ्या वासाला आंबट आणि आंबट वासाला सोडा, हे एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होते. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचे जंतू विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो, म्हणून वास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो. अमोनिया अल्कधर्मी आहे. त्याला आम्ल भेटले की त्याचे क्षारात रूपांतर होते आणि वास उडायचा थांबतो. याउलट घामातून आणि दुधातून जंतू जी द्रव्ये बनवतात ती आम्लधर्मी असतात, त्यांना खायचा सोडा निष्प्रभ करतो. म्हणून मुताच्या वासावर सोडा भुरभुरून उपयोग नाही. आणि सोडा व व्हिनेगर एकत्र ओतून जो फेस येतो तो बघायला छान वाटतो, पण दोघांनी एकमेकांची ताकद तिथल्या तिथे संपवलेली असते. मागे उरते ते जवळजवळ नुसते खारट पाणी. वापरायचेच तर एक आज, दुसरे पुसून वाळल्यावर.

आम्लासाठी पांढरे व्हिनेगर चालते. तितक्याच पाण्यात मिसळून वापरा. त्याहून स्वस्त म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे पुरेत. ताजे लिंबू पिळले तर रसातली साखर आणि गर मॅटवर राहतो आणि पुन्हा चिकटपणा येतो. आपल्याकडे मोसंबी मुबलक, जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणून कोणी तिची साले मॅटवर घासायला सुचवतात. पण मोसंबीत आम्ल लिंबाच्या तुलनेत फारच थोडे असते. सालीच्या तेलाचा सुवास तेवढा काही वेळ येतो, खालचा अमोनिया हलत नाही.

आम्ल वापरताना एक गोष्ट कृपा करून विसरू नका. शहाबादी फरशी आणि कोटा फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. आम्ल पडले की ते झिजतात, चकाकी जाऊन पांढुरके डाग पडतात आणि ते डाग नंतर निघत नाहीत. म्हणून मॅट उचलून मोरीत किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर घ्या आणि तिथे आम्लाचे पाणी लावा. खालची दगडी फरशी साध्या साबणाच्या पाण्यानेच पुसा. टाइल्स असतील तर एवढी चिंता नाही, तरी सांध्यांतल्या सिमेंटवर आम्ल साचू देऊ नका.

प्रत्यक्ष धुण्याची रीत सांगते. जालनेकरांना पाण्याचे वेगळे सांगायला नको. नळ रोज येत नाही, घाणेवाडीच्या तलावात किती पाणी आहे हा आपल्याकडे घरगुती बोलण्याचा विषय असतो, आणि 2012-13चा दुष्काळ ज्यांनी काढला ते मॅट धुवायला पाइप लावणार नाहीत. तशी गरजही नाही. दहा फूट बाय दहा फूट खोलीत दोन फुटी पंचवीस तुकडे बसतात. ते सगळे दीड बादली पाण्यात स्वच्छ होतात.

आधी कोरडे काम. तुकडे उचलून बाहेर न्या, उलटे करून दोन-दोन एकमेकांवर आपटा, दात घासण्याच्या जुन्या ब्रशने दातांच्या खाचा कोरून काढा. हे नीट केले नाही तर पाणी लागताच त्या चुऱ्याचा लगदा होतो आणि तो खाचेत आणखी घट्ट बसतो. मग अर्धी बादली पाण्यात दोन चहाचे चमचे भांडी घासायचा द्रव साबण घाला, फडके पिळून घ्या आणि दोन्ही बाजू व चारी कडा पुसा. दुसऱ्या बादलीत साधे पाणी ठेवा आणि वेगळ्या फडक्याने साबण काढून घ्या. जिथे मुताचा वास आहे तेवढ्याच तुकड्यांना आता लिंबूफुलाचे पाणी लावा, दहा-पंधरा मिनिटे राहू द्या, पुन्हा साध्या पाण्याने पुसा. शेवटी कोरड्या पंच्याने टिपून घ्या. उरलेले साबणाचे पाणी संडासात टाकता येते.

साबण जास्त घालण्याचा मोह होतो, आणि आपल्या भागात त्याचे जास्त नुकसान होते. बोअरचे पाणी जड आहे. बादलीच्या कडेला, गीझरच्या कॉइलवर जो पांढरा क्षार बसतो तोच क्षार साबणाच्या वडीशी मिळून न विरघळणारा चिकट थर तयार करतो. हा थर मॅटच्या बारीक नक्षीत बसला की त्यावर धूळ, घाम, दूध सगळे चिकटते. लोक म्हणतात, परवाच धुतली आणि पुन्हा वास. तो पुष्कळदा उरलेल्या साबणाचा प्रताप असतो. वडी किसून घालू नका, द्रव साबण घ्या, तोही थोडाच. जुना थर बसलेला असेल तर तो लिंबूफुलाच्या पाण्याने सैल होतो.

मांजराने मुतलेल्या मॅटचा वास मात्र हट्टी असतो. त्यात न विरघळणारे यूरिक आम्ल असते, आणि दमट हवेत वास पुन्हा जागा होतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइम असलेले द्रव मिळते, ते लावून बाटलीवर लिहिले आहे तितका वेळ ओले ठेवावे लागते. लगेच पुसले तर पैसे वाया. मेडिकलमध्ये मिळणारे 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडही सेंद्रिय डागांवर काम करते, पण रंग फिका पडू शकतो. आधी उलट्या बाजूच्या कोपऱ्यावर लावून पाहा.

यानंतरचे काम वाळवण्याचे. माझ्या मते सगळ्या कामात हेच सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि इथेच घाई होते. आपल्या मनात कडक ऊन म्हणजे शुद्धी असे पक्के बसलेले आहे. गाद्या, पापड, कुरडया यांना ते लागू आहे. फोमला नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो तेव्हा गच्चीचा स्लॅब त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. त्यावर पसरलेला फोम आक्रसतो, कडा वर वळतात आणि दाते एकमेकांत बसेनासे होतात. मी स्वतः सहा तुकडे असे घालवले. रबराच्या मॅटला रोजच्या उन्हाने बारीक चिरा पडतात, पीव्हीसी कडक होते. म्हणून सकाळचे कोवळे ऊन घ्या, किंवा पडवीत सावलीला वाळवा. आडवे पसरू नका. दोन तुकडे तंबूसारखे एकमेकांना टेकवून उभे करा, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा खेळतो. उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की सावलीतही दोन-तीन तासांत काम होते. पावसाळ्यात तसेच उभे करून रात्रभर पंखा लावा. आणि तेवढा वेळ खालची फरशीही उघडी राहू द्या. मॅट वाळली आणि फरशी ओलीच, असे करून पुन्हा जोडणे म्हणजे पुन्हा पहिल्या दिवसावर येणे.

काळे ठिपके असतील तर ती बुरशी. ती कोरड्या झाडूने झटकू नका, तिचे कण हवेत उडतात आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. ओल्या फडक्याने पुसा, नाकावर रुमाल बांधा. साबणाने साफ केल्यावर ब्लीच वापरायचे असेल तर एक लिटर पाण्यात चार चहाचे चमचे, दहा मिनिटे, मग साध्या पाण्याने पुसणे. खिडक्या उघड्या हव्यात आणि मूल दुसऱ्या खोलीत.

ब्लीचचे नाव निघाले म्हणून थोडे थांबून सांगते. लिंबूफूल, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचे ॲसिड यांच्याशी ब्लीच मिसळले तर क्लोरीन वायू निघतो. मुताने भिजलेल्या मॅटवर थेट ब्लीच ओतले तर त्यातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइन तयार होते. दोन्ही वायू फुप्फुसाला इजा करणारे आहेत आणि बंद मोरीत ते लवकर साचतात. आज आम्लाने पुसले असेल तर ब्लीच आज नाही. मुताचा वास असेल तर ब्लीच अजिबात नाही.

आणखी एक जुनी सवय सोडायला हवी. मॅटखाली डांबरगोळ्या ठेवतात. त्या नॅफ्थलीनच्या असतात. बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असेल तर नॅफ्थलीनने त्याच्या लाल पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आहे हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसते. गोळी तोंडात जाण्याचा धोका तर उघडच आहे. रांगत्या मुलाच्या मॅटखाली त्यांना जागा नाही. काळे फिनेलही फोमवर नको. त्याचाच वास कितीतरी दिवस जात नाही, आणि मांजरांना ते विषारी असते.

नव्या मॅटच्या वासाचा विषय वेगळा आहे. तो धुऊन फारसा जात नाही, हवेत ठेवून जातो. फोम फुगवण्यासाठी जी रसायने वापरतात त्यांच्यातून फॉर्मामाइड नावाचे द्रव्य मागे राहू शकते. 2010च्या अखेरीस बेल्जियम आणि फ्रान्स यांनी याच कारणाने मुलांच्या पझल मॅटची विक्री थांबवली होती आणि पुढे युरोपने त्यावर मर्यादा घातली. फॉर्मामाइडला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. म्हणून वास गेला की सगळे गेले असे मानू नये, पण मोकळ्या हवेत ठेवल्याने दोन्ही कमी होतात हे खरे. नवे पाकीट फोडल्यावर तुकडे सुटे करून, हवेशीर पडवीत दोन आठवडे उभे ठेवा. बाळ झोपते त्या खोलीत तेवढे दिवस घालू नका. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. मुलांचे खेळणे म्हणून मॅट विकली जात असेल तर पाकिटावर ते चिन्ह शोधा. दोन महिन्यांनंतरही डोके दुखेल असा वास येत असेल तर ती मॅट मुलासाठी वापरू नका.

जिमच्या रबरी टाइल्सचा टायरसारखा वासही असाच हळूहळू कमी होतो. त्यावर रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावायचे कोणी सांगेल, ऐकू नका. रबर फुगते आणि वास दुप्पट होतो.

तालमीतल्या गादीबद्दल मला मनापासून लिहायचे आहे. डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात झाली. बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवून गदा जिंकली, आणि अंतिम लढत पाहायला जमलेली गर्दी अजून लोकांच्या बोलण्यात येते. त्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. मातीच्या हौदाची निगा कशी राखायची हे आपल्या वस्तादांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हौदात हळद, तेल, ताक, लिंबू घालतात, माती रोज खणून वर-खाली करतात, तिला हवा लागते. गादी आली, पण तिची निगा तितक्या आस्थेने शिकवली गेली नाही. माती खणता येते, गादी खणता येत नाही. घाम तिच्यावरच राहतो. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो, कातडीवरचे जंतू त्याचे आम्ल बनवतात आणि तो मोज्यांसारखा दर्प येतो. त्याच ओलाव्यात गजकर्णाची बुरशी टिकते आणि एका पोराकडून दुसऱ्याकडे जाते.

म्हणून सरावाच्या आधी आणि नंतर गादी पुसायची. आधी साबणाच्या पाण्याने घाम काढायचा, मग जंतुनाशक, आणि ते दहा मिनिटे ओले राहू द्यायचे. मळावर जंतुनाशक ओतून काही होत नाही. संडासात घातलेल्या चपला गादीवर येता कामा नयेत. गादीचे रेक्झिन कुठे उसवले असेल तर त्याच दिवशी चिकटपट्टी लावा, कारण एकदा घाम आतल्या फोममध्ये गेला की तो बाहेर काढण्याचा उपाय नाही. आठवड्यातून एकदा गाद्या उभ्या करा आणि दोन्ही दारे उघडा. ज्याला गजकर्ण झाले आहे त्याला डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत गादीवर घेऊ नये. मुलाला हे सांगताना चारचौघांत सांगू नका, बाजूला घेऊन सांगा.

गोठ्यात गाई-म्हशींखाली रबरी मॅट घालणाऱ्यांना एकच सांगणे आहे, मॅटवर चुना टाकू नका. चुना अल्कधर्मी असल्यामुळे गोमूत्रातला अमोनिया आणखी वेगाने उडतो, गोठा झोंबायला लागतो. शेण लगेच उचलणे, जमिनीला गटाराकडे उतार असणे आणि आठवड्यातून एकदा मॅट उचलून खालचा साका खरवडणे एवढ्याने वास कमी होतो.

कार्यालयांत जे गालिच्याचे चौकोनी तुकडे असतात त्यांना पाणी कमीत कमी लावावे. कोरडा खायचा सोडा संध्याकाळी पसरून सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. चहा-दूध सांडलेला एखादा तुकडा सुटा करून धुवावा. सुटे करता येतात हाच त्यांचा फायदा आहे.

पुन्हा मॅट जोडताना भिंतीपासून बोटभर जागा मोकळी सोडा, म्हणजे खालच्या ओलीला वाट मिळते. तुकड्यांच्या उलट्या बाजूला पेनाने आकडे घाला. खिडकीजवळचे, न्हाणीच्या दाराजवळचे तुकडे जास्त ओले राहतात. दर महिन्याला त्यांची जागा मधल्या तुकड्यांशी बदला. पावसाळ्यात दर रविवारी निदान एक कोपरा उचलून हात फिरवून बघा.

दोनदा नीट धुऊन, पूर्ण वाळवूनही एखाद्या तुकड्याचा वास येत असेल तर त्याला वाकवून पाहा. पृष्ठभागाला भेगा दिसल्या तर घाण आत शिरली आहे, तो तुकडा गेला. तो बंबात जाळू नका. पीव्हीसी जळाले की त्याच्या धुरातून हायड्रोक्लोरिक ॲसिड निघते, आणि फोमचा काळा धूरही घरातल्या लहानग्याच्याच छातीत जातो. घंटागाडीतल्या सुक्या कचऱ्यात द्या.

आणि विकत घेतानाच चार तुकडे जास्तीचे घ्या, त्याच कंपनीचे, त्याच पाकिटाचे. प्रत्येक कंपनीचे दाते वेगळे असतात. आमचे वाया गेलेले तुकडे बदलायला मी ऑगस्टमध्ये जालन्यातली सात दुकाने फिरले. पिवळा रंग कुठेच नव्हता, आणि जो निळा मिळाला त्याचे दाते अर्ध्या इंचाने चुकत होते. खिडकीजवळची ती जागा आता मोकळीच आहे. तिथे उघडी शहाबादी दिसते, आणि सकाळचे ऊन आले की नातू मॅट सोडून नेमका तिथेच जाऊन बसतो.